छत्री पलंगावर आहे

परकी भाषा शिकायला हुशारी लागत नाही, शिस्त लागते, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असे. आमच्या कंपनीचं नवं गोडाऊन एका स्पॅनिश कंपनीच्या भागीदारीत उघडणार होतं आणि गोडाऊनप्रमुखाच्या जागेवर माझा डोळा होता. साहेबांनी अट सोपी ठेवली.

"कुठली वस्तू कुठे आहे, एवढं स्पॅनिशमधून सांगता आलं की झालं. त्यांचे संचालक रविवारी तुमच्याकडे चहाला येतील. घरातल्याच वस्तूंवर बोलून दाखवा."

मी मोबाइलवरचा पहिला धडा घोकून टाकला. छत्री पलंगावर आहे. बूट टेबलाखाली आहेत. टोपी खुर्चीवर आहे. चष्मा पेटीत आहे. उच्चार असे की आरशालाही मी परदेशी वाटावं. अडचण एकच होती. आमच्याकडे छत्री दारामागे असते, आणि 'मागे' तिसऱ्या धड्यात होतं.

सामान्य माणसाने तिसरा धडा उघडला असता. मी व्यवस्थापन शिकलेला. मी छत्री हलवली.

"अहो, पलंगावर छत्री?" बायको म्हणाली.

"पाहुणे जाईपर्यंत."

"आणि जेवायच्या टेबलाखाली बूट?"

"धड्यात आहेत."

"धड्यात म्हैस असती तर?"

"प्राणी पाचव्या धड्यात आहेत."

आईचा चष्मा पेटीत गेला. ती कपाटाला 'सूनबाई' म्हणून हाक मारू लागली. पण एकाच्या बढतीसाठी बाकीच्यांनी थोडं सोसायचं असतं.

रविवारी साहेब आणि पाहुणे आले. त्यांना आणायला मी खाली गेलो. तेवढ्यात बायकोने कुठल्याही शहाण्या बाईने केलं असतं तेच केलं. घर आवरलं.

हे मला कळलं नाही, कारण पाठ केलेलं मला छताकडे बघूनच आठवतं. दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून, पंख्यावर नजर लावून मी सुरुवात केली. छत्री पलंगावर आहे.

पाहुण्यांनी दारामागे लटकलेल्या छत्रीकडे पाहिलं. मग सभ्यपणे आतल्या खोलीत जाऊन पलंग पाहून आले. बूट टेबलाखाली आहेत, मी म्हणालो. ते गुडघ्यांवर बसून टेबलाखाली डोकावले. मला वाटलं, भारावले. टोपी खुर्चीवर आहे. खुर्चीवर आई होती. चष्मा पेटीत आहे. तो आईच्या नाकावर होता आणि त्यातून ती माझ्याकडे बघत होती.

"झालं का रे तुझं?" तिने विचारलं. "चहा गार होतोय."

चहा घेताना पाहुण्यांच्या हातून कप कलंडला. बायकोने मागे न बघता हात लांब केला, तर हातात फडकं. त्यांचा मोबाइल बंद पडला. तिने खणाकडे बोट दाखवलं, खणात चार्जर. पाहुणे तिच्याकडे असे पाहू लागले की मीच जरा सावरून बसलो.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या स्पॅनिशची त्यांनी फार तारीफ केली," ते म्हणाले. "एकही चूक नाही म्हणाले."

मी नम्रपणे मान खाली घातली.

"तीच तर पंचाईत आहे हो. भाषा कच्ची असती तर म्हणता आलं असतं, बिचाऱ्याला सांगता आलं नाही. पण तुम्ही लख्ख सांगितलंत. या गृहस्थाला स्वतःच्या घरातली छत्री कुठे आहे ते माहीत नाही, अशी त्यांची खात्री पटलीय."

"साहेब, त्याचं काय झालं—"

"ते असू द्या. वहिनी सध्या कुठे नोकरी करतात का?"

आता गोडाऊन ती बघते. दोन्ही देशांची माणसं तिला पेट्या कुठे आहेत ते विचारतात. स्पॅनिशचं एक अक्षर तिला येत नाही. ती बोट दाखवते, आणि पेटी तिथे असते.

मी तिसऱ्या धड्यावर आहे.