एल्सबेथ देवळीत आली तेव्हा

देवळीसारख्या गावात बसून बर्फाचं वर्णन करावं तर मीच! मे महिन्यात कूलर गरम हवा फेकत असताना मी असं हिमवादळ लिहिलं की मलाच शाल घ्यावीशी वाटली. मी गोपाल, इथल्या एका कॉलेजात क्लार्क. चार महिन्यांपासून ऑफिस सुटल्यावर तासभर थांबून जादूची कादंबरी लिहीत होतो. दगडी किल्ला, उडणारा अजगर, चिलखत घातलेले घोडेस्वार, सगळं होतं. घरी सांगितलं होतं की फॉर्म तपासायचं काम आहे. पुस्तक झालं की सगळ्यांना थक्क करायचं, असा बेत.

थक्क मी झालो. एका संध्याकाळी मंजुषानं, माझ्या बायकोनं, डबा काढताना पिशवीतली वही उघडली. पान निघालं ते नेमकं हे : ‘एल्सबेथ, बर्फ पडायच्या आत मागच्या दारानं ये. घोडा तयार ठेवतो. म्हातारीला कळू देऊ नकोस.’

वही तिनं परत पिशवीत ठेवली. दोन दिवस तिनं माझा शर्ट हुंगला, पेट्रोल किती लागतं ते विचारलं, कॉलेजात नवीन कोण आलंय याची चौकशी केली. घोडा म्हणजे माझी मोटारसायकल, एवढं तिचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी नाचणगावहून माझे सासूसासरे बसनं येऊन हजर झाले.

सासरे रूपराव यांनी चष्मा लावला आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. जेवण झाल्यावर बसले ते चहापर्यंत. समोरच्या खुर्चीत मी आरोपीसारखा बसून. शेवटी त्यांनी लेकीला सांगितलं की ही बाई गोष्टीतली आहे, हिच्यापायी अजगर मेला. मंजुषाचा विश्वास बसला नाही. सासऱ्यांचा बसला, पण त्यांना वेगळाच संशय आला.

“जवाईबुवा, बर्फ कधी पाह्यला तुमी?”

“नाही.”

“मंग सारं तिकडचंच काऊन? आपल्या इकडं राजे नोते?”

मी सांगू लागलो. लहानपणापासून जादूच्या ज्या गोष्टी वाचल्या, सिनेमे पाहिले, ते बहुतेक तिकडचेच. त्यामुळे जादू म्हटली की पेनातून आपोआप किल्ला उतरतो. शिवाय तिकडचा राजा इथं कोणाचा नातेवाईक नसतो. इथला राजा लढाईत हरवला तर चार जण घरी येऊन विचारतील, आमचाच काऊन हरवला? आणि देवळीच्या स्टँडवर जादूगार उतरला तर लोक आधी त्याचं गाव विचारतील, मग आडनाव, मग मामा कोण. बिचाऱ्यानं जादू करायची कधी?

सासरे शांतपणे म्हणाले, “म्हंजे तुमी लोकायले भेता.”

मंजुषानं तेवढंच धरलं. बाई खरी नसेल तर भ्यायचं कशाला, गोष्टीत तिला इथं आणून दाखवा, म्हणाली. नाइलाजानं मी पंधरा दिवसांत कादंबरी हलवली. किल्ला गिरडकडच्या डोंगरात गेला, पावाची भाकर झाली, बर्फाचं धुकं झालं, एल्सबेथची चंद्रावती झाली. पुढच्या रविवारी सासूसासऱ्यांना पुन्हा बोलावून, सगळ्यांना बसवून वाचून दाखवली. सासऱ्यांनी दोनदा मान हलवली. चंद्रावतीला तीन मुलं आहेत हे कळल्यावर मंजुषाही सैल झाली. मला वाटलं, सुटलो.

मग चेटकीण आली. तिकडं ती मनोऱ्यात राहायची, आता गावात राहत होती. लेकीच्या घरी गेली की आधी भांड्यांची झाकणं उचलायची, हुंगायची, आणि जावई समोर असला तरी त्याच्याबद्दल भिंतीशी बोलायची.

सासूबाई, मनकर्णाबाई, हळूच म्हणाल्या, “हे तं मीच आहो.”

मी शपथा घेतल्या. त्यांनी थोडा विचार केला.

“मंग ते बर्फात होती, तवा बी मीच होती काय?”

सासरे खाली मान घालून चष्मा पुसत राहिले. पहिल्याच वाचनात त्यांनी ओळखलं असणार.

सध्या कादंबरी पुन्हा बर्फात नेली आहे. मंजुषा रोज एक पान वाचते आणि नवं पात्र आलं की मान वर करून विचारते, “हे कोण?”