सलीमभाईंचा गुर्जिस्तानचा राजा

पेणला आमच्या शेजारी राहणारे सलीमभाई कुठल्याही गाऱ्हाण्यावर एकच औषध देतात, गुर्जिस्तानचा राजा. वीज गेली, रोह्याची गाडी रद्द झाली, माझे गुडघे धरले, की कुंपणापाशी येऊन म्हणणार, "राजाचं याहून वाईट होतं गो वहिनी."

हा राजा त्यांना तरुणपणी आखातात भेटला, म्हणजे खोलीतल्या इराणी सोबत्याने सांगितला. आपल्या मुलखात राजा, पण इराणच्या शहाचा ताबेदार. घरी एक नाव, दरबारात दुसरं. शहाने मानाचा पोशाख धाडला की भर उन्हात वेशीबाहेर जाऊन तो अंगावर चढवायचा आणि खूश दिसायचं. मापाचा नसला तर, असं मी विचारलं होतं.

"शहाचा पोशाख मापाचाच असतो," ते म्हणाले.

मी तेव्हा नवी नवरी, नुकतीच बी.ए. झालेली. गुर्जिस्तान म्हणजे जॉर्जिया हे कळल्यावर जॉर्जिया अमेरिकेत आहे असं त्यांना ठणकावून सांगितलं, वर नकाशाही दाखवला. सलीमभाईंनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "मग दरबारात जायला राजाला लय लांब पडत असेल." ही थट्टा होती हे मला नातवंडं झाल्यावर कळलं.

राजाला मी भित्रा म्हणायचे. तलवार होती ना, मग उपसायची. मी स्वतः सासूबाईंपुढे चहात साखर कमी आहे एवढंही बोलत नसे, ते सोडा. सलीमभाई नुसते हसायचे.

यंदा ईदला त्यांचा एकुलता एक मुलगा आखातातून येणार होता. त्याची आई, आमच्या भाभी, गेल्या तेव्हाही कंपनीने त्याला सुटी दिली नव्हती. त्यामुळे महिनाभर सलीमभाई राजाला विसरलेच. खोलीला रंग दिला, नवी गादी आणली. आदल्या दिवशी शेवया भाजायला मला बोलावलं, कारण त्यांच्या हातून त्या करपतात. मी कढईपाशी उभी, आणि फोन वाजला.

"नाय रे, कसली अडचण," ते म्हणत होते. "मी मजेत हाय. शेठशी वाद घालू नको. सुटी काय, पुढल्या वर्षी मिळेल."

त्यांनी फोन ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी जुनंच विचारलं, राजाने तलवार का नाही उपसली?

"मुलगा शहापाशी ओलीस होता ना गो."

मी गॅस बारीक केला. थोड्या वेळाने त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "शेवयांचा फोटो काढून त्याला धाडा वहिनी. लिवा, अब्बा पोटभर जेवला."

शेवया अजून कढईतच होत्या.