सात नंबर रजेवर आहे

हसनचाचा रोज सकाळी आठला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गुलाबांची हजेरी घेतात. रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेले बारा गुलाब, प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगात नंबर, चाचांच्या हातात मस्टर आणि गळ्यात शिट्टी. "नंबर एक!" ते पुकारतात, आणि मग आवाज बदलून स्वतःच म्हणतात, "हजर!" एका गुलाबाचा आवाज दुसऱ्यासारखा निघता कामा नये, असा त्यांचा दंडक. दहा नंबरला ते किनऱ्या आवाजात बोलतात. का, ते मला आजही कळलेलं नाही.

हजेरी संपली की शिट्टी वाजते आणि प्रत्येक डबा पाव फेरा फिरतो. सगळ्या अंगांना सारखं ऊन मिळावं म्हणून. साजगावच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी पाळी सुपरवायझर म्हणून काढली. नोकरीतून सुटले, पाळीतून नाही. मावा कीड पडलेला गुलाब 'मेडिकलवर' जातो आणि कोपऱ्यात वेगळा बसतो. खत म्हणजे 'बोनस'. कळी न धरणाऱ्याला तोंडी ताकीद मिळते.

फूल गच्चीवरून खाली न्यायचं तर गेटपास लागतो. पहिल्या मजल्यावरच्या शिंदेवहिनींनी एकदा फूल मागितलं.

"रिझन लिवा," चाचांनी चिठ्ठी पुढे केली.

"अहो चाचा, केसात माळायला!"

"मग तसं लिवा ना. लाजताय कशाला?"

वहिनींनी लिहिलं. चाचांनी चष्मा पुसून वाचलं, 'मंजूर' असा शेरा मारला आणि स्वतः कात्रीने फूल कापून दिलं. वर सांगितलं, "संध्याकाळी सुकलं तर तुमची जबाबदारी."

आता सात नंबर. गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला तो खटकतो. बाकीचे अकरा कमरेएवढे, फुललेले; हा माझ्या डोक्याच्या वर गेलेला, नुसते काटे आणि पानं. तीन वर्षांत एक फूल नाही.

"चाचा, हा जंगली झालाय, उपटून टाका," कोणी ना कोणी सांगतंच.

"सात नंबर रजेवर हाय," चाचा म्हणतात. "येईल कामावर." आणि हजेरीत त्याच्या आवाजात 'हजर' म्हणायच्या जागी क्षणभर गप्प राहतात.

सात नंबर रजेवर नाही. त्याला मी मारलंय. हे मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मी इथलाच, भिसेगावचा, शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या पोरांना कलम कसं करतात ते फळ्यावर आकृती काढून समजावतो. खाली जंगली गुलाबाचं मूळ असतं, त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे अंकुर, भरतात, आणि जोडाच्या खालून फूट आली तर ती लगेच काढायची, नाहीतर जंगली झाड वरच्याला खाऊन टाकतं. हे सगळं मला पाठ आहे.

तीन वर्षांपूर्वी फातिमाचाचींना दवाखान्यात ठेवलं तेव्हा चाचांनी गच्चीची किल्ली माझ्याकडे दिली. "माज्या जागी रिलीव्हर म्हणून तुमी," ते म्हणाले. "पाणी घाला, डबे फिरवा. कात्रीला हात लावू नका." सात नंबर चाचींनी स्वतः पसंत करून आणलेला होता, अबोली रंगाचा. बाकीच्यांशी त्यांना काही घेणं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी कात्रीला हात लावला. सात नंबरचं खोड काळपट, वाळल्यासारखं वाटत होतं आणि शेजारून ताजी, तरतरीत फांदी वर निघाली होती. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटलेलं दिसतंय. आपण करून ठेवू, खूश होईल. खोड मी अगदी बुंध्याशी कापलं. काप आतून हिरवागार निघाला. मग खाली वाकून जोड बघितला. चांगलं कलम मी कापलं होतं आणि जंगली फूट ठेवली होती. कापलेला तुकडा मी शर्टाखाली लपवून नेला आणि बिल्डिंगमागच्या गटारात टाकला.

चाची घरी आल्या आणि पुढचे दोन महिने रोज सकाळी गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. सात नंबर भराभर वाढत होता.

"किती उंच झाला बघा ओ मास्तर!" त्या मला म्हणायच्या. मग चाचांना, "ह्याला फूल कधी येणार?"

"रजेवर हाय गं. येईल."

मी शेजारी बादली घेऊन उभा असायचो. त्या दोन महिन्यांत सांगायला साठ सकाळी होत्या. चाची गेल्या, त्याही वाट बघतच. त्यानंतर गावात असताना मी एकही दिवस चुकवला नाही. दोन जिने चढून पाणी न्यायचं, डबे फिरवायचे, चाचांनी थर्मासमधून ओतलेला चहा प्यायचा आणि खाली यायचं. बायकोला वाटायचं, मला बागकामाचा नाद लागला.

हे सगळं यंदापर्यंत असंच चाललं. मग सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. डबे हलवा, परत वर ठेवायचे नाहीत, असं ठरलं. चाचांच्या घरात दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. तिथे गुलाब जगणार नाहीत. चाचांनी दोन दिवस विचार केला आणि अकरा गुलाबांच्या 'बदल्या' केल्या. ज्यांच्या खिडकीत ऊन येतं त्यांना प्रत्येकी एक, सोबत हाताने लिहिलेली बदलीची ऑर्डर. शिंदेवहिनींना दहा नंबर मिळाला. सात नंबर मात्र ते कोणाला देईनात.

"ह्याला मी घरात ठेवणार," ते म्हणाले.

"अंधारात?"

"बघू."

फुलणारे अकरा वाटून हा माणूस एक काटेरी झुडूप घेऊन अंधारात बसणार होता. तेही माझ्यामुळे. माझ्याच्याने राहवलं नाही.

"चाचा, तो रजेवर नाही. तो गुलाबच उरलेला नाही. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी कलम कापलं. चुकून. पण सांगितलं नाही, ते चुकून नाही."

चाचा डब्यावरची माती झटकत होते. झटकतच राहिले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"आलो त्याच दिवशी. काप डावीकडं उतरलेला. ह्या बिल्डिंगीत डावखुरे तुमी एकलेच."

"मग बोलला का नाहीत?"

"हिला काय सांगू? ती फुलाची वाट बघत व्हती. रोज त्यासाठी उठून वर यायची." त्यांनी हात पुसले. "आन् तुमाला बोललो असतो, तर तुमी तोंड दाखवायला वर आला नसता. मंग मी चहा कुणासंगं प्यायचा?"

त्यांनी मस्टर माझ्या हातात दिलं. तीन वर्षं मी ते रोज लांबून बघत होतो, उघडून कधी पाहिलं नव्हतं. बारा ओळी गुलाबांच्या. खाली तेरावी ओळ: 'मास्तर'. रोजची हजेरी. मागच्या दिवाळीतल्या चार दिवसांवर गैरहजर, शेरा 'सासुरवाडी'.

आमची गॅलरी पूर्वेची आहे. सात नंबर मी उचलला आणि आमच्याकडे नेला. हातांना काटे लागले, चाचा मागून "हळू रं, हळू" करत जिना उतरत होते. मला म्हणत होते की त्याला, समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. दारात चाचा, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, बगलेत थर्मास. गॅलरीत येऊन ते डब्याशेजारी उभे राहिले. मस्टर माझ्याकडेच होतं. तेराव्या ओळीखाली मी डाव्या हाताने त्यांचं नाव लिहिलं आणि पुकारलं, "नंबर चौदा!"

चाचांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सात नंबरकडे.

"हजर," ते म्हणाले. या वेळी त्यांना आवाज बदलावा लागला नाही.