थांबा, भांडं रिकामं हाय

हरिभाऊ गिरणवाल्यांकडे रिकामं भांडं घेऊन जायचं नाही, हे दहिवलीच्या शाळेत मास्तरीण होऊन बिऱ्हाड केल्यावर महिन्याभरात मला कळलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही सगळ्यांच्याच घरची रीत. पण रीत पाळणं वेगळं आणि रीत अंगात येणं वेगळं. मी त्यांना वाटीभर लोणचं दिलं. वाटी तांदळाचं पीठ घेऊन आली. मी शेजारधर्म म्हणून भाजी पाठवली. वाटी पोहे घेऊन आली. शेवटी मी हात जोडले, "हरिभाऊ, आता ही वाटी तुमच्याकडंच राहू द्या."

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "पण मग माझी येक वाटी तुमच्याकडं हवी, बाई." ती वाटी ते भरूनच घेऊन आले, हे सांगायला नको.

माणूस साठीचा, एकटा, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. खोकला तरी पीठ उडायचं. गिरणीत कुणी रिकामं भांडं घेऊन नुसतं डोकावलं, तरी "थांबा, भांडं रिकामं हाय" म्हणत मूठभर काहीतरी त्यात टाकायचे. पोस्टमननं घाम पुसायला टोपी काढून उलटी धरली, तर तिच्यात दोन वांगी आली. डॉक्टरांची औषधाची बाटली परत करताना तिच्यात त्यांनी मध भरला. कंपाउंडरनं न बघताच ती दुसऱ्या रोग्याला दिली. तो रोगी बरा होऊन पुन्हा तेच औषध मागायला आला आणि डॉक्टर बिचारे काय दिलं होतं ते आठवत बसले.

लढाई संपल्यावरचा तो पहिला उन्हाळा. माझ्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. रंगूनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा आईबापांबरोबर जंगलातून चालत आलेली. तिथली तिची शाळा जळाली होती आणि तिच्या जुन्या बाई आता झाडाखाली मुलं बसवून शिकवतात, असं तिच्या वडिलांना कळलं. तिनं ते वर्गात सांगितलं. पोरींनी तिथल्या तिथं ठरवलं, त्या शाळेला पैसे पाठवायचे. मी म्हटलं, "इथं आपलंच छप्पर गळतंय गं."

"आपल्याला गळायला छप्पर तरी हाय, बाई," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

मे महिन्याच्या सुट्टीत पोरी सकाळी डोंगरात जाऊन करवंदं काढायच्या. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन लावतात, तेवढ्या वेळात खिडक्यांशी धावत ती पळसाच्या पानांच्या द्रोणांतून विकायच्या. स्टेशनमास्तर दुसरीकडे बघायचे. पोरींचे ओठ जांभळे, हात ओरबाडलेले, आणि मिजास अशी की रंगून यांच्याच जिवावर उभं राहणार. आपल्यालाही कुणाला काही देता येतं, याचा इतका आनंद मी मोठ्या माणसांत क्वचितच पाहिला.

मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन त्या गावात निघाल्या. पहिली अर्थातच हरिभाऊंची गिरण. डबा मुद्दाम रिकामा नेला. पोरी काही दूधखुळ्या नव्हत्या.

"कुठं जायाचेत पैसे?" हरिभाऊंनी विचारलं.

"रंगूनला."

त्यांनी झाकण लावलं आणि डबा तसाच सुमनच्या हातात दिला. रिकामा.

पोरी रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. मला रागच आला. तरातरा गिरणीत गेले. "हरिभाऊ, पोस्टमनच्या टोपीला वांगी, आणि पोरींच्या डब्याला काही नाही?"

त्यांनी गिरण बंद केली. "बाई, त्या मुलकात माझा येक डबा गेलाय. माझा ल्योक किसन रंगूनला भाताच्या गिरणीत कामाला गेला, तवा लाडू भरून दिला व्हता. म्हटलं, येशील तवा डबा रिकामा आणू नको रं. लढाई संपली, पण डबा आला नाय, का तो आला नाय. मी समद्यांची भांडी भरून देतो. का? तर माझं बी कुणीतरी भरून आणंल. आता तिथं आणखी काय धाडू?"

सुमन माझ्या मागोमाग आली होती. ती म्हणाली, "काका, येताना डबे कुणालाच आणता आले नाहीत. चालवेना, म्हणून सगळ्यांनी भांडी वाटेत टाकली. आमच्या आईनं तर तांब्याचा हंडा टाकला. डबा नाही आला म्हणून माणूस येणार नाही, असं काही नाही. आमचे मामा दिवाळीनंतर आले. हात हलवत."

हरिभाऊंनी गिरणीच्या थांबलेल्या पट्ट्यावरून हात फिरवला. मग डोळे पुसायला गेले, तर हाताचं पीठ डोळ्यांत गेलं आणि डोळे जास्तच वाहायला लागले. मी सुमनला खूण केली. आम्ही निघालो.

"थांब गं," ते म्हणाले. "भांडं रिकामं हाय."

गल्ल्याचा खण त्यांनी न मोजता डब्यात उपडा केला. झाकण घट्ट बसवलं, वरचं पीठ धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि डबा सुमनच्या हातात दिला.

"तिथल्या लोकांना कळव, डबा परत धाडायची घाई नाय म्हणावं," ते म्हणाले. "पर कुनी इकडं यायला निघालंच, तर त्याच्या हाती रिकामा दिला तरी चालंल."