निळ्या ठिपक्याची गांधीलमाशी

"गांधीलमाशी ओळखायला मला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरे!" संग्रहालयातले कीटकवाले सर म्हणाले. बायकोने लगेच चहा पुढ्यात ठेवला.

गॅलरीच्या छताला, वाळत घातलेल्या कपड्यांच्या बरोबर वर, पोळं लागलं होतं. अशा लांब पायांच्या, तांबूस कमरेच्या माश्या गावात कुणी पाहिल्या नव्हत्या. "नाव सांगा, स्वभाव सांगा. नाहीतर संध्याकाळी फवारणीवाला येतोय," असं बजावून बायको कामावर गेली. एका मोठ्या गोदामात मालाची मोजणी करणं ही तिची नोकरी. मोजताना तिच्या हातून एक खिळाही चुकत नसे.

चहा निवला. त्यावर साय धरली. सरांनी चार जाडजूड ग्रंथ पालथे घातले, काही जुळेना. शेवटी स्टुलावर चढून भिंग लावलं आणि पडता पडता वाचले. माशीच्या पाठीवर ठसठशीत निळा ठिपका! दुसरीच्याही! तिसरीच्याही!

त्यांनी आपल्या गुरूंना, म्हणजे म्हाताऱ्या प्राध्यापकांना, फोन लावला.

"निळा? अरे, या कुळात निळा आला कुठून?"

"तेच तर! जगाला ठाऊक नसलेली जात आहे!"

"हात लावू नकोस. जोरात श्वाससुद्धा घेऊ नकोस. निघालोच मी!"

दुपारी प्राध्यापक दोन सहकाऱ्यांसह हजर झाले. एक म्हणाला, ठिपका म्हणजे वयाची खूण. दुसरा म्हणाला, छे, राणीच्या मर्जीतल्यांची! मग बिनठिपक्याच्या? "उमेदवार असतील," प्राध्यापक गंभीरपणे म्हणाले. सरांनी तर जातीला स्वतःचं आडनाव देऊनही टाकलं. मनातल्या मनात.

वादात संध्याकाळ झाली आणि बायको आली. मागे पंप घेतलेला फवारणीवाला.

"ठिपका? अहो, तो मी मारलाय!"

चौघेही विद्वान गर्रकन तिच्याकडे वळले.

"या दादांनी गेल्या आठवड्यात विचारलं, माश्या किती? मला अंदाजपंचे सांगता येत नाही. मोजलेल्या मालावर ठिपका मारला की तो दोनदा मोजला जात नाही."

"आणि डसल्या नाहीत?" प्राध्यापकांनी विचारलं.

"पहाटे गारठलेल्या असतात बिचाऱ्या. बारीक कुंचला, हलका हात. पण मोजणी काही संपेना! रोज नव्या निघतात. एक थोरली तर बाहेर पाऊल टाकत नाही, बाकीच्या आणून भरवतात. ती जवळ आली की सगळ्या मान खाली घालतात."

माश्यांना रंगाचे ठिपके लावून त्यांचा संसार अभ्यासण्यात प्राध्यापकांची हयात गेली होती. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाई, माझे विद्यार्थी ठिपका द्यायला जातात आणि माशीला आंघोळ घालून येतात! तुम्ही कमाल केलीत!" ठिपका वगळून पाहिल्यावर त्यांनी माशीही ओळखली. जात जुनीच, समुद्रापलीकडची. पण या गावात नवी पाहुणी.

"ताई, मारू फवारा?" दाराशी ताटकळलेल्या फवारणीवाल्याने विचारलं.

सरांनी डोळे मिटून घेतले.

"मोजणी पुरी झाल्याशिवाय माल हलत नाही," बायको म्हणाली. "या तुम्ही."

दुसऱ्या पहाटेपासून संशोधन सुरू झालं. बायको स्टुलावरून सांगते, प्राध्यापक लिहून घेतात. सरांवरही मोठी जबाबदारी आहे. ते स्टूल धरतात!