पुलाचं पाचवं मत

आमदार हरिदासभाऊंकडे मत एकच होतं आणि ते त्यांनी चौघांना देऊन टाकलं होतं.

भाऊंना गडचिरोलीच्या जंगलातल्या टेकाडी नाल्यावर पूल हवा होता. अधिवेशनासाठी नागपुरात आलेल्या भाऊ धरून पाच आमदारांची समिती पाच कामांतून एकाच कामाची शिफारस करणार होती. प्रत्येकाचं आपापलं एक काम होतंच. भाऊंनी एकेकाला बाजूला गाठलं. "तुमी माह्या पुलाले मत द्या, मी तुमच्या कामाले देतो." चौघंही हो म्हणाले. आपल्या ओळखीपाळखीचा भाऊंना भारी अभिमान वाटला.

मतदानाच्या आदल्या दुपारी केसरबाई गावाकडचा तांदूळ आणि तळ्यातली मासोळी घेऊन आमदार निवासात आल्या, आणि नवऱ्याला न विचारताच त्यांनी चौघांनाही जेवायला बोलावलं.

पहिल्याच घासाला वरुडचे प्रवीणबाबू म्हणाले, "वैनी, भाऊचं मत माह्या संत्र्याच्या शीतगृहाले हाये बरं."

"तुम्हाला कसं?" कोकणातले आमदार थबकले. "मला शब्द दिलाय त्यांनी, जेटीसाठी."

उरलेल्या दोघांचे घास हातातच राहिले. भाऊ मासोळीचे काटे काढू लागले.

"काऊन जी," केसरबाई म्हणाल्या, "एक मत चौघाईले कसं पुरन? अन् पूल कशाले पायजे, हे तरी सांगतलं का यायले?"

ते राहूनच गेलं होतं. मग भात वाढता वाढता बाईंनीच सांगितलं. त्यांचं माहेर नाल्यापलीकडचं. पावसाळ्यात तिथली आशा कार्यकर्ती रोशनी अडलेल्या बाईला खाटेवर घालून कमरेएवढ्या पाण्यातून आणते. "मांगच्या साली एक पोरगी नाल्यातच झाली. जगली, नशीब तिचं."

भाऊंनी ताट थोडं बाजूला सारलं.

"पयला शब्द प्रवीणबाबूले देल्ला होता. माह्यं मत त्यायलेच. बाकीच्याईची माफी मांगतो. तुमी सारे मोकळे."

पूल हातचा गेला, हे नवरा-बायको दोघांनाही कळलं. तरी बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याच्या ताटात आग्रहानं वाढलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. शीतगृहाला एक मत, पुलाला चार. खुद्द प्रवीणबाबूंनीही पुलालाच दिलं होतं.

भूमिपूजनाला नाल्याकाठी सारा गाव लोटला. म्हाताऱ्या दसरू कुडमेथेंनी भाऊंना हार घातला आणि विचारलं, "किती मतं पडली, भाऊ?"

"पाचातले चार."

"अन् तो एक गद्दार कोण होता?"

केसरबाईंनी तोंडाला पदर लावला.

"होता एक," हरिदासभाऊ ताठ मानेनं म्हणाले. "पण शब्दाचा पक्का."