पाण्यातले पापुद्रे

आमच्या घरी पाहुणा आला की चपला काढतो, बसतो आणि मग पाणी मागतो. समोरच्या घरातले दळवीकाका चपला काढतात ते थेट स्वयंपाकघरात शिरतात. पिशवीतून स्वतःचा काचेचा ग्लास काढतात, नळाखाली भरतात आणि खिडकीपाशी उजेडात धरून एक डोळा मिटतात. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. एकदा माझ्या नणंदेचं बघण्याचं चाललं होतं, मुलाकडची मंडळी दिवाणखान्यात पोहे खात होती, आणि हे मधून ग्लास घेऊन गेले. मुलाच्या आईने विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "पाणीवाले." दुसरं काय सांगणार?

"आधी पाणी, मग गजाली," हे त्यांचं ब्रीद; गजाली म्हणजे गप्पा. काका मूळचे कणकवलीकडचे, पण उभी हयात मुलुंडात गेली. एका औषधाच्या कारखान्यात दिव्यासमोर बसून बाटल्या तपासायचं त्यांचं काम. बाटली उलटी करायची, सुलटी करायची, आत कण दिसला की बाजूला काढायची. माणूस निवृत्त झाला, डोळा नाही झाला. लग्नाच्या पंगतीत आमरसाची वाटीसुद्धा ते आधी दिव्याकडे धरतात.

दुसरं ब्रीद, "पुरावा काय?" राशिभविष्य, दृष्ट काढणं, मांजर आडवं जाणं, सगळ्याला हाच एक प्रश्न. काकी होत्या तोवर त्या देवासमोर दिवा लावून म्हणायच्या, "ह्यांना सोडून सगळ्यांचं भलं कर रे बाबा. ह्यांना पुरावा लागतो." काकी गेल्याला दोन वर्षं झाली. मुलगा परदेशात. काका एकटे राहतात, एकटेच रांधतात, आणि काय रांधतात ते कुणाला दाखवत नाहीत.

तर अशा माणसाच्या इमारतीत पाण्यातून कचरा यायला लागला. पांढरट, पातळ, नखाएवढे पापुद्रे. मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी नळाला बांधलेलं फडकं बदललं आणि विसरून गेले. आपण मुंबईकर असेच. पाणी येतंय ना, मग त्यात काय येतंय हे कशाला बघा? काकांच्या डोळ्याला मात्र झोप लागेना.

ते पद्धतशीर माणूस. आधी गिझरचा नळ आणि साधा नळ वेगवेगळे तपासले. दोन्हीकडे पापुद्रे, म्हणजे गिझर सुटला. मग सगळ्या मजल्यांवर फिरले. सगळ्यांकडे पापुद्रे, म्हणजे कुणा एकाच्या घरातला वायसर झिजला असंही नाही. खाली महापालिकेच्या थेट नळाला मात्र पाणी स्वच्छ. "म्हणजे गो नीता, चोर गच्चीवरच्या टाकीत आसा," ते मला म्हणाले. मी कुकर लावत होते. मी म्हटलं, "बरं."

आमचे सेक्रेटरी गालाभाई. सज्जन माणूस, पण काका दिसले की त्यांना हमखास फोन येतो. त्या दिवशी फोन आला नाही, सापडले. काकांनी टाकी साफ करून घ्यायला लावली. तळाशी गाळ निघाला, टाकी लखलखीत झाली, आणि आठवड्याभरात पापुद्रे परत हजर.

"काका, आता काय टाकीला साबणाने आंघोळ घालू?" गालाभाई वैतागले.

काकांनी पापुद्रे गाळून घेतले. चुंबक फिरवला, चिकटले नाहीत, म्हणजे गंज नव्हे. लिंबू पिळलं, फसफसलं नाही, म्हणजे चुना नव्हे. मग आयोडीनचा थेंब टाकला. पापुद्रा निळा-काळा झाला. काका तसेच बशी घेऊन माझ्या दारात. बनियनवर होते, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"पीठ! पीठ आसा ह्या! धान्य!"

इथे प्रकरण बिघडलं. गालाभाईंच्या आई, आमच्या सगळ्यांच्या बा, रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाखरांना ज्वारी घालायच्या. गुडघे दुखतात, तरी जिने चढायच्या. दिवसभरात त्यांचं तेवढंच बाहेर पडणं. सोसायटीच्या सभेत काका उभे राहिले, बशी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "माझं कुणाशी वैर नाही. पण जो कोण गच्चीवर धान्य नेतो, त्याचं नाव फळ्यावर लागलं पाहिजे आणि त्याच्याकडची गच्चीची चावी काढून घेतली पाहिजे. मग तो कोणी का असेना." सगळ्यांना पटलं. पाणी सगळ्यांच्याच पोटात जात होतं. दुसऱ्या दिवशी बांनी चावी स्वतःच मुलाच्या हातात दिली आणि गच्चीवर जाणं सोडलं.

मला काकांचा इतका राग आला की त्यांना मी दोन दिवस दार उघडलं नाही. म्हातारीचं एवढं एक सुख, तेही काढून घेतलं. आणि पापुद्रे? ते येतच राहिले. मग मीच जाऊन त्यांना म्हटलं, "बा तर आता वर जात नाहीत. मग हे कुठून येतंय? आता तुमचा पुरावा काय?"

काकांचा चेहरा पडला. ते तापट आहेत, पण खोटे नाहीत. "म्हातारेक उगाच दुखवलंय," म्हणाले. "चल वर. डोळ्यांनीच बघू."

रविवारची सकाळ होती. आम्ही जिन्याच्या दाराआड स्टुलं टाकून बसलो. समोर टाकी, तिच्या झाकणाचा एक कोपरा तुटलेला. ते झाकण बदलायचं तीन सभांपासून ठरतंय. बराच वेळ काही झालं नाही. मग एक कावळा आला. चोचीत कसलासा पांढरा तुकडा. तो टाकीवर बसला, इकडेतिकडे मान वळवली, तुटक्या कोपऱ्यातून डोकं आत घातलं आणि तुकडा पाण्यात बुचकळला. एकदा बुचकळला, परत बुचकळला. मऊ झालेला वरचा भाग खाल्ला. उरलेलं आत गळून पडलं.

मला हसू फुटलं. "सापडला चोर! अहो, भाकरी आहे ती! तांदळाची भाकरी. आता कुणाच्या घरची ते शोधा, म्हणजे झालं. आपल्याकडे तांदळाची भाकरी कोण—"

मी काकांकडे पाहिलं आणि थांबले.

"माझी," काका म्हणाले.

मग हळूहळू, तुटक तुटक सांगितलं. काकींच्या दहाव्याला पिंड ठेवला, कावळा शिवला नाही. ऊन चढलं, भटजी घाई करायला लागले, नातेवाईक कुजबुजायला लागले की बाईची काहीतरी इच्छा राहिली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. काकांनी तेव्हा कुणाला पुरावा विचारला नाही. कारण इच्छा त्यांना ठाऊक होती. काकी नेहमी म्हणायच्या, "जन्मभर माझ्या हातची खाल्लीत, एकदा तुमच्या हातची भाकरी खाऊ घाला मला." ते म्हणायचे, "रिटायर झालो की." रिटायर झाल्यावर म्हणायचे, "पावसाळा संपला की."

"तेव्हापासून रोज एक करतंय," काका म्हणाले. "कठड्यावर ठेवतंय आणि खाली येतंय. माणूस बघता म्हटल्यावर तो येणा नाय. परत येऊन बघितलं की भाकरी नसायची. माका वाटायचा, आवडता तिका." त्यांनी टाकीकडे पाहिलं. "चावतच नव्हती गो ती. मेल्याक भिजवून खावक लागायची."

दोन वर्षं हा माणूस रोज भाकरी थापत होता आणि समोर राहून आम्हाला पत्ता नव्हता.

संध्याकाळी फळ्यावर त्यांच्याच अक्षरात सूचना लागली. "पाण्यात घाण करणारा इसम सापडला आहे. श्री. वि. रा. दळवी, तिसरा मजला. ठरल्याप्रमाणे त्यांची गच्चीची चावी काढून घेण्यात आली आहे. श्रीमती बा यांची जाहीर माफी. आपला, वि. रा. दळवी." चावी त्यांनी गालाभाईंच्या टेबलावर ठेवली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी त्यांनी कुणाचंही पाणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी बांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि मुलाला फर्मान सोडलं, "झाकण आजच बदल. आणि दळवीभाईला चावी दे. नाही दिली तर मला पण नको." गालाभाईंना त्या दिवशी एकही फोन आला नाही. दुपारपर्यंत टाकीला नवं झाकण बसलं आणि कठड्याजवळ पाखरांसाठी पाण्याची मातीची परळ आली.

चावी द्यायला मी गेले. काका म्हणाले, "नको गो. तसली दगडासारखी भाकरी कशाक वर नेऊ?"

"पीठ कसं मळता?"

"पाण्यात. गाळून घेतो."

"गाळून ठीक. गरम की गार?"

"गार."

मी कपाळावर हात मारला. "अहो, तांदळाच्या पिठाची उकड काढावी लागते! उकळत्या पाण्यात! जन्मभर पाणी तपासलंत आणि एवढं नाही कळलं?"

"तुझ्या काकीने कधी सांगितलंच नाय," काका कसनुसे होऊन म्हणाले. "मी कधी विचारलंच नाय."

मी फक्त आधण ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. पीठ त्यांनीच घातलं, चटके सोसत त्यांनीच मळलं, थापलीही त्यांनीच. पहिली मोडली. दुसरी तव्यावर टाकली, उलटली, आणि मधोमध टम्म फुगली. काकांनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली नाही. पोटाशी धरून जिना चढले.

भाकरी कठड्यावर ठेवून आम्ही दाराआड उभे राहिलो. कावळा आला. भाकरीचा तुकडा तोडून कठड्यावर बसला. शेजारीच परळ भरलेली होती. त्याने पाण्याकडे पाहिलंही नाही. पायाखाली तुकडा धरला, तोडून तोडून खाल्ला, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी परत आला.

काका जिन्याच्या पायरीवर बसले. पिठाच्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले.

"आज जेवली गो," ते म्हणाले. "आज नीट जेवली."